मॉरिशसला चाललाय? बीचला दोन दिवस पुरेत, बाकीचं बेट कसं बघायचं ते सांगते

मी मॉरिशसला दोनदा गेले. पहिल्यांदा पॅकेज होतं, सात रात्री एकाच बीच हॉटेलात, त्यात एक दिवस बसमधून "आयलंड टूर" आणि बाकी सगळं निळं पाणी, आणि परत आल्यावर कुणी विचारलं की देश कसा आहे तर मला हॉटेलच्या गेटबाहेरचं काहीच सांगता येईना. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेले, सगळं स्वतः ठरवलं, आणि तेव्हा कळलं की आपण पहिल्यांदा काय सोडून आलो होतो. तेव्हापासून ओळखीतलं कुणी जायला निघालं की माझ्याकडे विचारायला येतात, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते. हे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे, साधारण सात रात्री धरून.

आधी अंदाज येऊ दे. मुख्य बेट उत्तर-दक्षिण साधारण 65 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 45. म्हणजे मॅपवर बघितलं तर वाटतं की कुठूनही कुठेही तासात पोचू, आणि इथेच सगळ्यांचं चुकतं, कारण मधला भाग उंच पठाराचा आहे, गावातले रस्ते अरुंद, बऱ्याच ठिकाणी फुटपाथ नाही, आणि राजधानी पोर्ट लुईच्या आसपास सकाळ-संध्याकाळ भरपूर ट्रॅफिक. एका दिवशी एकच दिशा, हा नियम ठेवा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

पहिली पायरी: तारखा ठरवायच्या, पण तिकिटाच्या आधी कॅलेंडर बघून

हा देश विषुववृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, गरम आणि दमट, त्यातही जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. मे ते ऑक्टोबर हिवाळा, कोरडा आणि छान गार. तुम्हाला डोंगर चढायचेत, जंगलात चालायचंय, गावं फिरायचीत तर मे ते ऑक्टोबरच घ्या. एकच गोष्ट लक्षात ठेवा, या दिवसांत आग्नेयेकडून सतत वारा येतो, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये चांगलाच गारवा लागतो आणि पश्चिम किनारा त्या मानाने शांत असतो. आणि हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दिवस लहान धरूनच प्लॅन करायचा.

उन्हाळ्यात गेलात आणि वादळाचा इशारा आला तर घाबरायचं नाही, पण हलक्यातही घ्यायचं नाही. तिथे इशाऱ्याचे 1 ते 4 असे वर्ग आहेत, आकडा वाढला की बस बंद, दुकानं बंद, सगळे आपापल्या घरात. हॉटेलवाले सांगतील तसं वागायचं, आणि एखादा दिवस असा जाऊ शकतो हे धरून परतीच्या आदल्या दिवशी महत्त्वाचं काही ठेवायचं नाही.

आता सणांचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मॉरिशसमध्ये सगळ्यांच्या सणांना सुट्टी असते. तमिळ लोकांची कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, 12 मार्चचा स्वातंत्र्यदिन, उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ. हो, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, त्याचं कारण पुढे सांगते. महाशिवरात्रीच्या आसपास जात असाल तर ठरवून जा किंवा ठरवून टाळा, कारण लाखो लोक पांढरे कपडे घालून कावडी खांद्यावर घेऊन अनेक किलोमीटर चालत गंगा तलाव नावाच्या पवित्र तळ्याला जातात, रस्ते भरून जातात, गाडीनं फिरायचा प्लॅन कोलमडतो, पण तो देखावा ज्यांनी बघितलाय ते विसरत नाहीत.

दुसरी पायरी: कागदपत्रं, पैसे, सामान

भारतीय पासपोर्टवर टुरिस्ट म्हणून जायला आधी व्हिसा काढत बसावं लागत नाही, तिथे उतरल्यावर एंट्री मिळते. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग, पुरेसे पैसे असल्याचा पुरावा हे हाताशी ठेवा, आणि प्रवासाआधी ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो तो निघण्यापूर्वीच भरून टाका. मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट साधारण सहा तासांची. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

तिथलं चलनही रुपयाच आहे, पण मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयापेक्षा महाग, तेव्हा किंमत वाचून "अरे स्वस्त आहे" म्हणण्याआधी त्या दिवशीचा रेट बघून गुणाकार करा. नोटा निरखून बघा, त्यांच्यावर तमिळ आणि हिंदी अक्षरं दिसतील. फेब्रुवारी 2024 पासून तिथे आपलं यूपीआय आणि रुपे सुरू झालंय, पण गाड्यावर, बसमध्ये, छोट्या दुकानात कॅशच लागते, थोडे सुटे कायम जवळ ठेवा.

प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, ब्रिटनसारखा, अडॅप्टर घरूनच न्या. सामानात फळं, बिया, रोपं टाकू नका, परवान्याशिवाय नेता येत नाहीत, आणि एवढ्याशा बेटावर बाहेरून आलेल्या झाडा-प्राण्यांनी काय करून ठेवलंय ते तुम्ही तिथल्या जंगलात बघालच. कोडीन, ट्रामाडॉलसारखं काही असलेली औषधं घेत असाल तर डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन सोबत आणि नियम आधी तपासलेले. येताना प्रवाळ, शंख उचलून आणू नका, त्यालाही बंदी आहे.

कपड्यांत सगळे चुकतात. बेट म्हणून सगळे स्लीपर आणि टीशर्ट भरतात, आणि मग क्युरपीपला, जे साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, धुक्यात आणि पावसात कुडकुडत उभे राहतात. एक पातळ स्वेटर, एक पावसाचं जॅकेट, आणि खाली चांगली ग्रिप असलेले बूट, एवढं तरी हवंच.

तिसरी पायरी: मुक्काम एका जागी नको, तीन जागी करा

माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा हाच आहे. एकाच बीचवर सात रात्री घेतल्या की रोज दीड-दोन तास जाण्यात आणि तेवढेच येण्यात जातात, मग तिसऱ्या दिवशी कंटाळून तुम्ही हॉटेलच्या स्विमिंग पूलपाशीच पडून राहता. त्यापेक्षा दोन रात्री माहेबूर, दोन रात्री पोर्ट लुईच्या उत्तरेला किंवा मोका-क्युरपीपकडे, आणि तीन रात्री पश्चिमेला ब्लॅक रिव्हर किंवा शामारेलच्या बाजूला. एअरपोर्ट आग्नेयेला आहे, माहेबूरच्या अगदी जवळ, त्यामुळे उतरल्यावर थकलेलं असताना लांब जावं लागत नाही. घरगुती गेस्टहाउस घ्या, कारण घरमालकीण तुम्हाला जे सांगेल ते कुठल्याच ब्रोशरात नसतं, आमच्या मालकीणबाईंनी आईला सकाळी भाजी कुठल्या गाडीवर ताजी मिळते इथपासून सगळं सांगितलं.

फिरायचं कसं? गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालवायची, त्यामुळे भारतीय माणसाला जड जात नाही. लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिटबद्दल गाडी देणाऱ्याकडे बुकिंगआधीच विचारून घ्या. अंधार पडल्यावर उसातल्या रस्त्यांवर दिवे नसतात आणि लोक कडेनं चालत असतात, तेव्हा संध्याकाळी घरी. बस सगळीकडे जाते आणि खिडकीतून देश दिसतो, पण गावाकडच्या बसेस लवकर बंद होतात, शेवटची बस किती वाजता ते जातानाच कंडक्टरला विचारायचं. आणि क्युरपीप ते पोर्ट लुई मेट्रो आहे, 2020 ला पहिला टप्पा सुरू झाला, पोर्ट लुईला गाडी घेऊन पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा मेट्रोनं जाणं शंभर पटीनं बरं.

चौथी पायरी: सुरुवात आप्रवासी घाटापासून करा

यासाठी एक सकाळ राखून ठेवाच, आणि जमलं तर ट्रिपच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. कारण हे बघितलं की बाकी बेट वाचता येतं, उसाची शेतं, देवळं, खाणं, आडनावं, सगळं एका सूत्रात बसतं.

थोडक्यात सांगते. 1598 मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला नाव दिलं, ऊस त्यांनीच आणला, आणि 1710 मध्ये सोडून गेले. मग फ्रेंच, ज्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणून मळे वाढवले, मग 1810 मध्ये इंग्रज. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, पण ती संपणार हे आधीच ठरलं होतं आणि मळेवाल्यांना हात हवे होते, म्हणून त्याच सुमाराला भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. 2 नोव्हेंबर 1834 ला अ‍ॅटलस नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून 36 जण उतरले, आणि पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख. 2 नोव्हेंबर हा तिथे आजही सुट्टीचा दिवस आहे.

पोर्ट लुईच्या बंदरावर, 1849 मध्ये बांधलेल्या डेपोचे अवशेष म्हणजे आप्रवासी घाट, 2006 पासून युनेस्कोच्या यादीत. फार मोठं नाहीये, अर्धवट भिंती, कोठ्या, आणि दगडाच्या सोळा पायऱ्या ज्या चढून माणसं बोटीतून जमिनीवर आली. शेजारच्या माहिती केंद्रात आधी जा, तासभर द्या, मगच पायऱ्यांपाशी या, नाहीतर नुसते दगड दिसतात. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. रविवारी जाऊ नका, रविवारी पोर्ट लुई एरवीही ओस असतं.

आपल्यासाठी यात एक खास गोष्ट आहे. मजूर कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही गेले, आणि त्यात रत्नागिरीकडची, कोकणातली पुष्कळ माणसं होती. त्यांची पणतवंडं-खापरपणतवंडं आज तिथे मराठी म्हणून राहतात, घरात बोलतात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून तयार झालेली तिथली भाषा, पण मराठी शाळेत शिकतात, देवळं बांधली आहेत, आणि गणपतीची सरकारी सुट्टी आहे ती यांच्यामुळे. पश्चिमेला कास्कावेलला त्यांचं देऊळ आहे, मराठी मंडळी फेडरेशन नावाची संस्था आहे. गणपतीच्या दिवसांत गेलात तर झाकरी बघायला मिळेल, गोल करून ढोलकीवर गाणं आणि नाच. आम्ही गेलो तेव्हा सण नव्हता, साधा दिवस होता, देवळात एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी आईचं नऊवारी पाहिलं आणि उठून उभे राहिले. त्यांची मराठी मोडकी होती, शब्द शोधत होते, पण आरती अख्खी पाठ. आई आणि ते दोघं मिळून म्हणाले, माझ्याच्यानं काही म्हणवलं नाही.

कुणाचे पूर्वज गेले होते असा घरात उल्लेख असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदींचं दफ्तर जपलेलं आहे. त्यासाठी आधी लिहून विचारा, जाऊन लगेच मिळेल असं धरू नका.

त्याच दिवशी पोर्ट लुईमध्ये अजून काय? पायी फिरण्यासारखं बरंच आहे. सेंट्रल मार्केट, चायनाटाउन, जुम्मा मशीद सगळं जवळजवळ. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये डोडोचं दालन आहे, डोडो फक्त याच बेटावर होता आणि सतराव्या शतकात, माणूस आल्यावर शंभरेक वर्षांत संपला. ब्लू पेनी म्युझियममध्ये 1847 ची ती दोन जगप्रसिद्ध पोस्टाची तिकिटं आहेत, उजेडानं खराब होऊ नयेत म्हणून अस्सल तिकिटांवर थोडाच वेळ दिवा लावतात, किती वाजता लावणार ते काउंटरवर विचारून मगच आत जा. आणि 2023 ला उघडलेलं गुलामगिरीचं म्युझियम आहे, जुन्या लष्करी हॉस्पिटलच्या इमारतीत. आप्रवासी घाट आणि हे, दोन्ही बघा, एकच बघितलं तर गोष्ट अर्धी राहते.

पाचवी पायरी: उसाचा आणि बागेचा दिवस

उत्तरेला पाम्पलमूसला सर शिवसागर रामगुलाम बोटॅनिकल गार्डन आहे. पिएर पॉव्र नावाच्या फ्रेंच माणसानं अठराव्या शतकात मसाल्याची झाडं लावून ती वाढवली, म्हणजे डच लोकांची जायफळ-लवंगेची मक्तेदारी मोडायचा तो प्रयत्न होता. फोटोत दिसणारी ती परातीसारखी मोठी कमळाची पानं इथलीच, फूल पहिल्या दिवशी पांढरं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी. टॅलिपॉट ताड आहे, आयुष्यात एकदाच फुलतो, कित्येक दशकं वाट बघून, आणि मग मरतो. दारावर गाइड असतात, घ्याच एखादा, तो पानं चुरगळून वास द्यायला लावतो तेव्हा झाड लक्षात राहतं.

तिथून अगदी जवळ बो प्लानचा जुना साखर कारखाना, 1999 मध्ये बंद झाला आणि आता त्यातच म्युझियम आहे. मोठमोठी मशीन्स जागच्या जागी आहेत, आणि साखरेबरोबर देशाचा इतिहास सांगितलाय, शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. तीन तास तरी लागतात, पाटी वाचणारा माणूस असेल तर चार.

येता-जाता शेतात दगडांचे उंच रचलेले ढीग दिसतील, पिरॅमिडसारखे. हे बेट ज्वालामुखीचं आहे, जमीन दगडांनी भरलेली, ती ऊस लावण्याजोगी करायला मजुरांनी एक एक दगड उचलून ते ढीग रचलेत. कुठे पाटी नाही, तिकीट नाही, पण गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबा. साधारण जून ते डिसेंबर तोडणी चालते, तेव्हा ट्रक दिसतात आणि शेतं मोकळी होत जातात, त्याआधी गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती.

सहावी पायरी: डोंगर आणि जंगल, नेहमी सकाळी

दुपारनंतर पठारावर ढग उतरतात, म्हणून उंचावरचं सगळं सकाळी उरकायचं.

ल मोर्न हा नैर्ऋत्य टोकावरचा 556 मीटरचा सुळका. पळालेले गुलाम याच्या गुहांत आणि माथ्यावर लपत असत. लोक सांगतात की गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर येत होते, आणि पकडायला आले असं वाटून लपलेल्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. 2008 पासून हाही युनेस्कोच्या यादीत आहे. चढाईचा खालचा अर्धा भाग रुंद वाट, कुणालाही जमेल, आणि तिथूनही लगून, म्हणजे किनाऱ्यालगतचं प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी, सुंदर दिसतं. वरचा अर्धा मात्र खडक धरून चढायचा आहे, दोर आहेत, आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर जाऊ नका, उंचीची भीती असेल तर हट्ट करू नका, आणि पहिल्यांदा असाल तर गाइड घ्या. सहा-साडेसहाला सुरुवात, माणशी दोन लिटर पाणी. मी वरपर्यंत गेले, आई खालच्या टप्प्यावर थांबली, आणि तिचं म्हणणं की तिला जास्त बघायला मिळालं, कारण मी अर्धा वेळ पायाखालीच बघत होते. खाली गुलामांच्या स्मरणार्थ शिल्पं आहेत, उतरल्यावर तिथे थांबा.

ल मोर्न जड वाटत असेल तर ल पूस करा, अंगठ्याच्या आकाराचा, 812 मीटर. मोकाच्या बाजूनं चढ सोपा आहे, वरचा शेवटचा तुकडाच तेवढा उभा, आणि माथ्यावरून पोर्ट लुई एका बाजूला नि पठार दुसऱ्या बाजूला. चार्ल्स डार्विन 1836 मध्ये इथे चढला होता.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्क 1994 पासूनचा, बेटाचं मूळ जंगल जे थोडंथोडकं उरलंय त्यातलं बरंचसं इथे. दोन-तीन तासांची वाट निवडून चाला, नुसता व्ह्यूपॉइंटवर फोटो काढून पुढे जाऊ नका. पाहण्यासारखं काय? मॉरिशस केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा, 1974 मध्ये जगात फक्त 4 उरलेले माहीत होते, आणि तिथून लोकांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून त्याला परत आणलं. गुलाबी कबूतर तर 1990 च्या आसपास जंगलात दहाएक राहिलं होतं. तुम्हाला दिसेलच असं नाही, पण दिसलं तर आपण काय बघतोय हे माहीत असायला हवं. रस्त्याच्या कडेला लाल छोट्या पेरूची झुडपं दिसतील, लोक आवडीनं तोडून खातात, पण ती बाहेरून आलेली आहेत आणि मूळ झाडांना गिळत चाललीत. माकडंही बाहेरची. त्यांना खायला देऊ नका.

मूळ बेट कसं होतं ते बघायचं असेल तर माहेबूरजवळचं इल ऑ एग्रेत. 26 हेक्टरचं छोटं बेट, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशननं तण उपटून, उंदीर हटवून, मूळ झाडं लावून परत उभं केलंय. आधी बुकिंग करावं लागतं, बोटीनं नेतात आणि गाइडबरोबरच फिरायचं. अबनूसची झाडं, गुलाबी कबुतरं, आणि सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाची मोठी कासवं, जी तिथली मूळ कासवं संपल्यामुळे त्यांचं काम करायला आणलीत, फळं खायची आणि बिया पसरायच्या. मुलं सोबत असतील तर सगळ्या ट्रिपमध्ये त्यांना हेच आवडेल. लांब बाह्या घाला, डास असतात.

शामारेलची सात रंगांची माती सगळेच बघतात, तुम्हीही बघा, फक्त ते एक छोटंसं कुंपण घातलेलं मैदान आहे एवढं मनात ठेवून जा. बेसॉल्ट झिजून लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर वेगवेगळे झालेत, ऊन असताना रंग उठून दिसतात. त्याच तिकिटात धबधबा. त्याच दिशेला गंगा तलाव, विवरात साठलेलं तळं, 108 फुटी शंकराची मूर्ती 2007 पासून उभी आहे. तळ्याकाठी बसा जरा, धुकं असेल तर उत्तमच. आणि दक्षिणेला बुआ शेरीचा चहाचा मळा, सकाळी गेलात तर फॅक्टरी चालू असते, व्हॅनिलाचा चहा प्या.

सातवी पायरी: खाणं, तेही हॉटेलबाहेर

ढोल पुरी. पुरणपोळीच समजा पण गूळ नाही, आत भरडलेली डाळ, आणि दोन-दोनची जोडी करून त्यात पावट्यासारख्या दाण्यांची रस्सा भाजी, टोमॅटोचं रुगाय आणि हिरव्या मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. सकाळीच खा, दुपारपर्यंत संपते, आणि जिथे ऑफिसला जाणाऱ्यांची रांग असेल तिथेच उभे राहा. गातो पिमां म्हणजे डाळवडा, तिथले लोक पावात लोणी लावून त्यात घालून खातात. आलुदा म्हणजे सब्जा घातलेलं गार दूध, फालुद्याचा भाऊ. शाकाहारी माणसाची अजिबात अडचण होत नाही, फक्त नूडल्स मागवताना अंडं आणि चिकन नको असं आधीच स्पष्ट सांगा.

लग्नात केळीच्या पानावर सात भाज्या वाढतात, कुणी बोलावलं तर नक्की जा. माहेबूरला सोमवारचा बाजार भरतो, आणि तिथेच 1870 पासून कसाव्याची बिस्किटं भाजणारं एक कुटुंब आहे, आत जाऊन बघता येतं.

भाषा? क्रिओल सगळे बोलतात, फ्रेंच आणि इंग्रजी चालतं, वयस्कर माणसांशी हिंदीत बोललात तर बरेचदा उत्तर भोजपुरी वळणाचं येतं. दुकानात शिरल्याबरोबर "बोंझूर" म्हणायचं, थेट वस्तूचं नाव घेतलं तर उद्धट वाटतं. मग "की मान्येर?" म्हणजे कसं काय, आणि निघताना "मेर्सी". एवढ्यानंही माणसं खुलतात.

सेगा हा नाच हॉटेलात बुफेबरोबर दाखवतात, पण तो गुलामांचा आहे, 2014 मध्ये युनेस्कोनं नोंदवलेला, आणि रावान नावाचं बकरीच्या कातड्याचं मोठं वाद्य आधी विस्तवावर शेकून मग वाजवतात. रविवारी दुपारी सार्वजनिक बीचवर जा. अख्खी कुटुंबं पातेली, चटया, तंबू घेऊन आलेली असतात, आणि संध्याकाळकडे कुणीतरी रावान काढतं. मी म्हटलेले बीचचे दोन दिवस असे घालवा, एक नुसता पोहण्यात आणि एक रविवार या माणसांमध्ये. आमच्या शेजारच्या चटईवरच्या बायकांनी आईला हात धरून उठवलं, आणि ती पंधरा मिनिटं नाचली, नऊवारीतच.